हुशार, कष्टाळू आणि तीन फासे

गेले तीन महिने इथे काहीच लिहिलं नाही. नियमित वाचकांनी (म्हणजे दोन मित्र आणि दादरची मावशी) चौकशी केली, त्यांचे आभार. आज लिहायला बसलोय ते भाचीमुळे.

तर झालं असं, की ताईची धाकटी यंदा दहावी झाली. दहावीनंतर पुण्यात जे जे करतात ते सगळं झालं. सिंहगडावर जाऊन झालं, गाडी शिकायचा हट्ट करून झाला, आणि 'आता पुढे काय' या विषयावर घरातल्या प्रत्येकाने आपलं मत देऊन झालं. शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून तिची क्षमता चाचणी करून घेतली. आठवड्याने सुबक बांधलेला अहवाल आला. प्रत्येक क्षमतेचा एक रंगीत खांब, खाली आकडा, शेजारी एक वाक्य. संध्याकाळी ताईचा फोन. आवाज पडलेला. "अरे, हिची बुद्धी जेमतेमच निघाली. मला वाटलंच होतं. कष्टाळू आहे, पण हुशार नाही."

(हे सगळं लिहायला भाचीची परवानगी घेतली आहे. तिची एकच अट, तिचे आकडे लिहायचे नाहीत. त्यामुळे आकड्यांवरच्या या लेखात मूळ आकडेच नाहीत, त्याला इलाज नाही.)

त्या रविवारी कोथरूडला ताईकडे गेलो. वाटलं, घरात सुतकी वातावरण असेल. पाहतो तर दिवाणखान्यात सतरंजीवर पाच मुलंमुली गोल करून बसलेली आणि मधे फाशांचा ढीग. फासेही आपल्या सापशिडीतले नव्हेत. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, एक तर चक्क वीस बाजूंचा. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. नाव मी ऐकून होतो, खेळताना कुणाला पाहिलं नव्हतं. पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. एकजण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि जिथे 'हे जमेल का?' असा प्रश्न येतो तिथे फासा टाकतात. त्या दिवशी नवी पात्रं जन्माला घालायचं काम चाललं होतं. खरं तर आजकाल त्याला सोप्या पद्धती आहेत, पण त्यांच्या सूत्रधाराने (वय वर्षं सोळा, आवाज नुकताच फुटलेला) फर्मान काढलं होतं की जुन्या रीतीने करायचं. तीन फासे टाका, बेरीज करा, आणि येईल ते ओळीने लिहा. तक्रार चालणार नाही.

भाचीने फासे टाकले. "बुद्धी आठ," असं म्हणून तिने शांतपणे कागदावर ८ लिहिले.

ताई पोह्यांच्या बशा घेऊन येत होती, ती थबकलीच. "आठ? कितीपैकी?"

"अठरापैकी."

"म्हणजे ढच की गं!"

"ढ नाही गं आई. म्हणजे उणे एक."

सगळे हसले, पोहे आले, विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र ते 'उणे एक' राहिलं. घरी आल्यावर मी या खेळाचे नियम वाचायला घेतले, आणि नियमांवरून त्यांच्या इतिहासात शिरलो. (बायकोच्या मते हा माझा जुनाच आजार आहे.)

आधी हे उणे एक म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक पात्राला सहा क्षमता असतात. इंग्रजी नावांना मी माझ्यापुरते मराठी शब्द योजलेत. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. बुद्धी आणि शहाणपण वेगवेगळी मोजतात, हे मला फार आवडलं. आपल्याकडे 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' म्हणणाऱ्यांना हा फरक कधीच कळलेला होता. तर तीन फाशांची बेरीज ३ ते १८ च्या मधे कुठेतरी येते. तीन फासे पडण्याचे एकूण प्रकार २१६. त्यातल्या फक्त एकात अठरा येतात आणि फक्त एकात तीन. ९ ते १२ च्या दरम्यानचे आकडे मात्र १०४ प्रकारांनी येतात. म्हणजे जवळजवळ निम्मी माणसं मधलीच. शाळेत संख्याशास्त्र शिकवताना घंटेच्या आकाराची रेघ काढतात, तीच ही, तीन फाशांतून आपोआप उमटलेली.

पण हा आकडा खेळात थेट वापरत नाहीत. त्यातून १० वजा करायचे आणि उरलेल्याचं निम्मं करायचं, अर्धा उरला तर खालचा पूर्ण आकडा धरायचा. १० किंवा ११ असले तर शून्य, १८ असले तर अधिक चार, आणि ८ असले तर उणे एक. काही करायची वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात हे अधिक-उणे मिळवायचं, आणि काम जितकं अवघड तितका आकडा गाठायचा. मध्यम कामाला १५, अवघड कामाला २०. वीस बाजूंच्या फाशावर एक घर म्हणजे पाच टक्के. तेव्हा आठ बुद्धी म्हणजे ढ नव्हे. आठ बुद्धी म्हणजे शंभरातली पाच कामं कमी जमणं.

आता कौशल्य. क्षमता म्हणजे जन्माला येताना मिळालेलं, कौशल्य म्हणजे शिकून मिळवलेलं. पात्राने एखादं कौशल्य शिकलेलं असलं की फाशात आणखी भर पडते. पहिल्या पातळीवर अधिक दोन, आणि अनुभव वाढेल तशी ती वाढत वाढत सतराव्या पातळीवर अधिक सहा होते. गंमत म्हणजे 'इतिहास' हेही एक कौशल्य आहे आणि ते बुद्धीखाली येतं. भाचीने आठ बुद्धीच्या आपल्या पात्राला मुद्दाम तेच शिकवलं. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशोब केला. आठ बुद्धीची पण इतिहास शिकलेली बाई नवव्या पातळीवर अधिक तीनवर पोचते. म्हणजे सोळा बुद्धीच्या, पण इतिहास न शिकलेल्या माणसाच्या बरोबरीला. आणि सतराव्या पातळीवर तिचं अधिक पाच होतं. पात्रांची क्षमता अनुभवाने वाढत वाढत साधारणपणे जास्तीत जास्त वीसपर्यंत जाते, आणि वीस बुद्धीच्या न शिकलेल्या माणसाचंही अधिक पाचच असतं! हा हिशोब मी दोनदा तपासला. शिकत राहणारा 'जेमतेम' माणूस न शिकणाऱ्या महापंडिताला गाठतो, असं या खेळाचं गणितच सांगतं.

मात्र हे गणित पहिल्या दिवसापासून असं नव्हतं. ते कसं बदलत गेलं, हाच मला या खेळाच्या इतिहासातला सगळ्यात सुरस भाग वाटतो.

हा खेळ १९७४ च्या जानेवारीत छापला गेला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव आहे, तिथे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. गायगॅक्स आधी विमा व्यवसायात नोकरी करत असे, हे कळल्यावर मला त्या आकडेमोडीचं मूळ सापडल्यासारखं वाटलं :) एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिली आवृत्ती १००० प्रतींची. ही मंडळी त्याआधी टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळत. त्या लढायांत सैनिकाला नाव नसे. एक भालेवाला दुसऱ्या भालेवाल्यासारखाच. प्रत्येक खेळाडूने सैन्याऐवजी एकच माणूस चालवायचा असं ठरलं, तेव्हा पहिल्यांदा प्रश्न आला की हा माणूस त्या माणसाहून वेगळा कसा? सहा आकडे हे त्याचं उत्तर.

पण त्या पहिल्या पुस्तिकांत या सहा आकड्यांचं प्रस्थ फारसं नव्हतं. योद्ध्याचं बळ जास्त असलं तर त्याला अनुभवाचे गुण जरा लवकर मिळत, चपळाई असली तर बाण थोडा बरा लागे, एवढंच. आणि कौशल्यांची यादी तर नव्हतीच. खोलीत चोरकप्पा आहे का हे पाहायचं तर खेळाडूने तोंडाने सांगायचं की मी भिंत ठोकून बघतो, फडताळ सरकवतो. सूत्रधार ठरवणार. माणूस तोच, पण त्याचं माप कागदावर कमी आणि बोलण्यात जास्त.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, जी पुरवणी निघाली तिने दोन गोष्टी केल्या. बळाला लढाईत खरी किंमत आली, आणि 'चोर' नावाचं पात्र आलं. कुलूप उघडणं, सावलीत लपणं अशा त्याच्या एकेका विद्येपुढे टक्केवारी छापलेली होती आणि ती अनुभवाने वाढत होती. कौशल्य आकड्यात मांडायची सुरुवात या खेळात चोरापासून झाली. आपल्या चौसष्ट कलांच्या यादीतही चोरीला जागा देणारे आहेत, तेव्हा आपण नाक मुरडायचं कारण नाही.

मग इतरांनी आपापले खेळ काढले. १९७७ च्या 'ट्रॅव्हलर'मध्ये अंतराळातले प्रवासी होते. त्यातही सहाच आकडे, पण त्यात 'शिक्षण' आणि 'सामाजिक स्थान' हे दोन. म्हणजे कुठल्या घरात जन्मलात तेसुद्धा फासे टाकून ठरायचं! आणि कौशल्यं मिळायची ती नोकरीत वर्षं काढून. कधी कधी नोकरीत पात्र मरायचंही, खेळ सुरू व्हायच्या आधीच. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'ने तर मला जिंकलंच. त्यात प्रत्येक कौशल्याची टक्केवारी असते. खेळात ते कौशल्य यशस्वीपणे वापरलं की त्यापुढे खूण करायची. साहस संपल्यावर खूण केलेल्या प्रत्येक कौशल्यासाठी पुन्हा फासे टाकायचे, आणि आपल्या टक्केवारीपेक्षा जास्त आले तरच ते वाढतं. म्हणजे जे वापराल तेच वाढणार, आणि जितके तरबेज व्हाल तितकं पुढे सरकणं कठीण. तबला शिकणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

त्याच १९७८ साली मूळ खेळाची मोठी, सुधारित आवृत्ती आली, आणि तिच्यात एक खटकणारा नियम होता. पात्र स्त्री असेल तर तिच्या बळाला वरची मर्यादा. पुरुष जिथवर जाईल तिथवर ती जाऊ शकत नाही, फासे काही का पडेनात. १९८९ च्या आवृत्तीत हा नियम काढून टाकला. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ड्रॅगन चालतो, बळकट बाई चालत नाही?" मला उत्तर सुचलं नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. आकड्यांना किंमत आल्याबरोबर लोकांना वाईट आकडे नकोसे झाले. १९७९ च्या नियमांत तीनाऐवजी चार फासे टाकायची आणि सगळ्यात लहान टाकून द्यायची पद्धत आली. पुढे तर फासेच नकोत, ठरावीक गुण घ्या आणि हवे तसे वाटा, हीही सोय झाली. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने सगळं एका सूत्रात बांधलं. मघाशी सांगितलेलं अधिक-उणेचं गणित आणि वीस बाजूंच्या फाशावर चालणारी कौशल्यांची यादी ही तिचीच देणगी. दर चार पातळ्यांनी क्षमतेचा एक आकडा वाढवायची मुभाही तिने दिली. जन्मजात म्हणून जे मिळालं तेही मग कायमचं राहिलं नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हिशोब आणखी सुटसुटीत केला. २०२४ मध्ये, खेळाच्या पन्नाशीत, आणखी एक पाऊल. तोवर पात्र कुठल्या वंशाचं यावर क्षमतेची भर ठरत असे. बुटके काटक, वनवासी चपळ वगैरे. आता ती भर पात्र आधी काय करत होतं, कुठे वाढलं यावरून मिळते.

पन्नास वर्षांचा हा प्रवास एका वाक्यात सांगायचा तर असा, की जन्माने मिळालेल्याचं वजन कमी होत गेलं आणि कमावलेल्याचं वाढत गेलं.

हे वाचताना मला सारखा ताईचा फोन आठवत होता. कारण माणसाला आकड्यात बसवायचा उद्योग काही लेक जिनिव्हाला सुरू झाला नाही. आपल्याकडे तर पत्रिका जुळवताना आठ कूटांना एक ते आठ असे गुण देऊन छत्तीस गुणांची बेरीज मारतात आणि अठरा आले की पास! (खेळात अठरा म्हणजे अत्युत्तम, पत्रिकेत अठरा म्हणजे काठावर. असो.) पण ताईच्या हातातल्या त्या रंगीत अहवालाचं घराणं वेगळं. ते पॅरिसहून येतं.

१९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी पहिली बुद्धिमापन चाचणी केली. हेतू अगदी मर्यादित होता. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखायची आणि त्यांना जास्तीची मदत द्यायची. बुद्धी ही न बदलणारी ठरावीक चीज आहे असं मानणाऱ्यांना बिनेने १९०९ च्या पुस्तकात स्पष्ट विरोध केला होता. सराव आणि योग्य पद्धत यांनी ती वाढते, असं त्याचं म्हणणं. तो १९११ मध्ये गेला. १९१२ मध्ये जर्मनीत विल्यम स्टर्नने बुद्ध्यंकाची कल्पना मांडली, १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मनने ती चाचणी स्टॅनफर्डला नव्याने बांधली, आणि मदतीसाठी काढलेला आकडा माणसाच्या कपाळावरचा आकडा झाला.

ही चाचणी मराठीत आणली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. १९३० च्या दशकात धारवाडला त्यांनी कानडी आणि मराठी मुलांसाठी ती बेतली. नुसतं भाषांतर नव्हे, इथल्या मुलांवर तपासून. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये निघालं. 'बिने-कामत चाचणी' हे नाव आजही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतं. मग पुण्यात १९६२ मध्ये डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी सुरू केली, आणि तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिल्फर्ड याचं म्हणणं असं, की बुद्धी ही एक वस्तू नाहीच. आशयाचे चार प्रकार, क्रियांचे पाच, आणि निष्पत्तीचे सहा, असे मिळून १२० वेगवेगळे घटक आहेत. या प्रतिमानावर पुण्यात मराठी चाचण्या घडल्या, डॉ. उषा खिरे यांनी त्यावर मोठं काम केलं. एका आकड्याऐवजी एकशे वीस! खेळात सहा, पण तत्त्व तेच. आणि त्या सहांची बेरीज करून 'हे पात्र एकूण किती' असं खेळात कुणी विचारत नाही. त्या दिवशी सतरंजीवर तरी कुणी विचारलं नाही. घरात मात्र आपण तेच विचारतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. बरेच दिवस टाळलेली एक गोष्ट सांगायची आहे. नातेवाईक मंडळी वाचतात इथे, त्यांनी जरा सबुरीने घ्यावं.

आमच्या वेळी चौथीला स्कॉलरशिपची परीक्षा असायची. तिच्यात एक विषय 'बुद्धिमत्ता चाचणी'. वेगळा शब्द ओळखा, मालिका पूर्ण करा, आरशातली आकृती कोणती, वगैरे. आणि त्या बुद्धिमत्तेची गाइडं अप्पा बळवंत चौकात मिळत! तेव्हा त्यात काही विचित्र वाटलं नाही. आज वाटतं, की जी गोष्ट गाइड सोडवून वाढते ती क्षमता कशी? ते तर कौशल्य झालं. आपण मोजत होतो एक आणि नाव देत होतो दुसऱ्याचं.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती चौथीत असताना बाबांनी तिला नवं कोरं गाइड आणलं. ती रोज पहाटे उठून सोडवायची. तिला शिकवणारं कुणी नव्हतं, त्या प्रकारच्या प्रश्नांचा आमच्या घरात कुणालाच गंध नव्हता. उत्तर चुकलं की ती मागे जाऊन का चुकलं ते शोधायची आणि समासात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहायची. 'एक सोडून एक बघ.' 'आधी वजाबाकी करून बघ.' 'आरशात डावं उजवं होतं, वर खाली नाही.' परीक्षा झाली. तिला स्कॉलरशिप मिळाली नाही.

तीन वर्षांनी तेच गाइड माझ्याकडे आलं. बाबा म्हणाले, आहे की घरात, नवं कशाला. सगळ्या उत्तरांवर ताईने खोडरबर फिरवून दिलं होतं. समासातल्या टिपा तिने पुसल्या नव्हत्या, की पुसायच्या राहिल्या, मला माहीत नाही. मी त्या सगळ्या वाचल्या. परीक्षेत प्रश्न पाहिला की मला तिचं अक्षर दिसायचं. मला स्कॉलरशिप मिळाली.

पेढे वाटले. आजी म्हणाली, "हा हुशार आहे. ती आपली कष्टाळू." त्या दिवसापासून आमच्या घरात हे दोन शब्द पक्के झाले. मला एक, तिला एक. मला माझा शब्द फार आवडला. इतका, की पुढे जिथे जिथे कष्ट पडतील असं वाटलं तिथून मी हळूच काढता पाय घेतला. कष्ट करावे लागले तर मग मी हुशार कसला? सतार सोडली, जर्मन सोडलं, पीएचडीचं तर नोंदणीच्या पुढे गेलंच नाही. ताईने नोकरी आणि दोन मुली सांभाळून कॉस्टिंगच्या परीक्षा दिल्या, दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पूर्ण केल्या. आज तिच्या कंपनीत तिच्या सहीशिवाय हिशोब पुढे सरकत नाही. आणि तरी फोनवर ती आपल्या मुलीबद्दल काय म्हणाली? कष्टाळू आहे, पण हुशार नाही. म्हणजे आजीचा शब्द तिने इतकी वर्षं खरा मानला होता. आणि तो खोटा आहे हे ज्याला पक्कं माहीत होतं, तो मी, गप्प बसलो होतो.

महाभारतातली नलाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तिच्यातला एक प्रसंग मला परवा नव्याने आठवला. द्यूतात सर्वस्व घालवलेला नल वेषांतर करून ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला असतो. अयोध्येहून विदर्भाकडे रथ भरधाव निघालेला. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. राजा नुसत्या नजरेने त्याची पानंफळं मोजून सांगतो. नलाला खरं वाटत नाही, तो रथ थांबवून मोजतो, तर हिशोब बरोबर! मग सौदा होतो. राजाने नलाला अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या द्यायची, नलाने राजाला अश्वविद्या. लागोपाठ हरणारा नल पुढे त्याच विद्येवर राज्य परत जिंकतो. त्याचं नशीब वाईट असेल, बुद्धी कमी असेल, काय हवं ते म्हणा. जे कमी होतं ते वाटेत, रथात, दुसऱ्या माणसाकडून शिकता आलं. कौशल्याचं हेच तर आहे. ते एकाकडून दुसऱ्याला देता येतं. फाशाने पडलेलं बळ कुणी कुणाला देऊ शकत नाही.

ताईने मला तिची विद्या दिली. ऋतुपर्णाला बदल्यात निदान घोडे तरी मिळाले. मी ताईला काय दिलं? 'कष्टाळू' हा शब्द तिच्या वाट्याला येऊ दिला.

चाचण्या वाईट असतात, असं मला म्हणायचं नाही. अहवाल मी नीट वाचला. मापन बरोबरही असेल. भाचीला काय चटकन जमतं आणि कशाला वेळ लागतो, हे कळलं तर बरंच आहे. बिनेला तेवढंच हवं होतं. फक्त त्या खांबांशेजारी अजून एक रकाना लागतो, 'काय शिकली' याचा. तो कोरा असतो आणि तो तिनेच भरायचा आहे. एवढी साधी गोष्ट सतरंजीवर बसलेल्या पाच पोरांना ठाऊक होती, आणि पोहे घेऊन उभ्या असलेल्या आम्हा दोघांना नव्हती.

मागच्या रविवारी पुन्हा गेलो होतो. भाचीच्या त्या आठ बुद्धीच्या बाईला एका पडक्या देवळातला शिलालेख वाचायचा होता. अधिक दोन, उणे एक. पंधरा गाठायचे होते. फासा पडला तीन. सगळे खो खो हसले. तिने शिलालेखाचा अर्थ भलताच लावला आणि सगळी टोळी चुकीच्या दरवाजातून आत गेली. कुणी तिला ढ म्हणालं नाही. पुढच्या शिलालेखाला ती पुन्हा फासे घेऊन तयार. ताई सोफ्याच्या हातावर टेकून बघत होती. अर्ध्या तासाने म्हणाली, "मला पण एक कागद द्या रे. काय ते तीन फासे टाकायचे ना?"

तिची बुद्धी किती आली ते सांगत नाही. तिचीही तीच अट आहे.

लेख लांबलाच. पण ताई, तू हे वाचशील म्हणून शेवटी एवढंच. ते गाइड मी टाकलेलं नाही, माझ्या कपाटात आहे. पाठपान गेलंय, पण समास शाबूत आहेत. येत्या रविवारी घेऊन येतो.